जो बोलेल, तो दुरुस्त करेल

"माफ करा, प्रश्न जरा मूर्खासारखा आहे," असं फोनवर कोणी म्हणालं की व्लास्ता कोपेचकोवाबाईंच्या कपाळाला आठी पडायची. ती फोन करणाऱ्यासाठी नसायची, आमच्यासाठी असायची. रिसीव्हर तसाच कानाला धरून त्या आमच्या टेबलांकडे बघायच्या आणि पलीकडच्याला म्हणायच्या, "प्रश्न चांगलाच आहे हो. मूर्खपणा कुणाचा ते मी बघते."

आमच्याकडे येण्याआधी बावीस वर्षं बाई आमच्या ओलोमोउत्स शहरातल्या स्टेशनवर चौकशीच्या खिडकीमागे बसत. खिडकीच्या जागी यंत्र आलं आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाई रिकाम्या झाल्या. आमच्या साहेबानं, बोहुमीर स्मेकालनं, त्यांना फोन घ्यायला म्हणून ठेवून घेतलं. आमचं ऑफिस खालच्या चौकाजवळ, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. माणसं चार: बोहुमीर, मी म्हणजे ओताकार, बाई आणि आमचा एक सहकारी, जो एरवीही फारसा बोलत नाही आणि या हकिकतीतही बोलणार नाही.

आम्ही 'स्क्लेप' नावाचा प्रोग्रॅम सांभाळतो. स्क्लेप म्हणजे तळघर. आमच्याकडे घराखाली तळघर असतं, त्यात बटाटे, आंबवलेल्या काकड्या आणि जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतात. हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरमधल्या वस्तू तशाच टिकवतो: फोटो, कागदपत्रं, आवाज. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि एंटर मारायचं. दिसायला ओबडधोबड, पण पंधरा वर्षं जुन्या खटाऱ्यावरही चालतो, आणि फुकट आहे. म्हणून तो वापरतात गावोगावचे बखरकार. आमच्या दर गावाला ग्रामपंचायतीनं नेमलेला एक बखरकार असतो. कोण जन्मलं, कुणाचं धान्याचं कोठार जळलं, पूर कुठपर्यंत आला, हे तो लिहून ठेवतो. बहुतेक निवृत्त मास्तर, पोस्टातल्या बाई, असे लोक. त्यांच्या वाट्याला शाळेनं टाकून दिलेला कॉम्प्युटर येतो आणि त्यासोबत आमची काळी खिडकी.

पहिल्या महिन्यात बाईंनी चौकटीची एक वही घातली. कोणी फोन केला, काय टाइप केलं, आणि तिसऱ्या रकान्यात, 'काय होईल असं वाटलं होतं.' मी विचारलं, "चुकलं कुठे, हे नाही लिहीत?" बाई म्हणाल्या, "खिडकीवर येणारा माणूस चुकलेला नसतो, ओताकार. तो नुकताच गाडीतून उतरलेला असतो. कुठला फलाट कुठे आहे ते त्याला माहीत नसतं, आणि ते माहीत असणं त्याचं काम नाही."

वहीतून एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. एकाच क्रियेला आम्ही एका कमांडमध्ये 'पुस' म्हणत होतो, दुसरीत 'काढून टाक', तिसरीत 'मोकळं कर'. बाई म्हणाल्या, "तीन बरण्या, तीन चिठ्ठ्या, आणि तिन्हीत मीठच." मदतीचं पान कुठे 'मदत' लिहिल्यावर उघडायचं, कुठे प्रश्नचिन्ह टाकल्यावर, आणि एका ठिकाणी कशानंच नाही. चार कमांड माणसाला 'तुम्ही' म्हणायच्या आणि एक एकदम अरे-तुरे करायची, कारण ती मी पंचविसाव्या वर्षी बिअर पिऊन लिहिली होती. त्यांना सगळ्यात खटकली ती बोहुमीरची परंपरा: काम नीट झालं तर प्रोग्रॅमनं काहीही बोलायचं नाही. आमच्या धंद्यात हे सभ्यपणाचं लक्षण समजतात. बाई म्हणाल्या, "दुकानात सामान ठेवायला दिलं आणि दुकानदार मख्ख उभा. ठेवलं की नाही, कसं कळणार? 'ठेवलं' एवढं म्हणायला याचं तोंड दुखतं का?"

बोहुमीर कुरकुरला, पण ऐकत गेला. तो वाईट माणूस नाही. हुशार आहे, स्वतःच्या हुशारीची त्याला सवय झालेली आहे, इतकंच.

मग, दोन वर्षांनी, बाईंनी खुर्ची सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एखाद्या अगदी नवख्या माणसाला बोलवायचं. दारात बूट काढून तो घरातल्या सपाता घालणार (बाईंनी पाहुण्यांसाठी चार जोड विकत आणले होते), खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार, आणि हातात दिलेलं एक काम स्क्लेपकडून करून घेणार. आम्ही त्याच्या मागे उभं राहायचं, हात खिशात आणि तोंडात मूग. अळीमिळी गुपचिळी. एकच नियम: जो बोलेल, त्यानं ज्या जागेमुळे तोंड उघडावं लागलं ती जागा दुरुस्त करायची. बाईंचं म्हणणं असं, की तुम्हाला बोलावं लागलं म्हणजे तिथे प्रोग्रॅम मुका आहे.

नऊ वर्षांत मी त्रेचाळीस वेळा बोललो. आमच्या मुक्यालासुद्धा नऊदा बोलावं लागलं. बोहुमीर एकदाही बोलला नाही. तो गुरुवारी तोंडात कॅरमेलची गोळी टाकून उभा राहायचा आणि नवख्याची बोटं कितीही भरकटली तरी गोळी या गालातून त्या गालात, बस. त्याला याचा अभिमान होता. बाई म्हणायच्या, "मिठाची गुळणी धरतात लोक, आमचे साहेब साखरेची धरतात."

आता सातव्या कमांडबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचा जीव तिच्यातच अडकला होता.

दोन नावं द्यावी लागतात अशा आमच्या सात कमांड. सहांमध्ये आधी 'कुठून' लिहायचं, मग 'कुठे'. सातवी 'परत', म्हणजे तळघरातलं पुन्हा बाहेर आणायची. तिच्यात उलटं: आधी 'कुठे', मग 'कुठून'. कारण काहीही नाही. बोहुमीरनं ती कॉलेजात असताना, सगळ्यात आधी, स्वतःपुरती लिहिली होती. बाकीच्या सहा नंतर आल्या आणि शहाण्यासारख्या आल्या. आम्हाला तिघांना तो उलटेपणा जाणवतही नव्हता. घरातली जी पायरी उंच असते, तिथे घरच्यांचा पाय आपोआप वर उचलला जातो.

वर्बोवेत्सच्या आलोइस पोस्पेखांचा पाय उचलला गेला नाही. हे तिथले बखरकार, निवृत्त जनावरांचे डॉक्टर. त्यांनी गावातल्या सतरा म्हाताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून तळघरात ठेवल्या होत्या. जुनी डिस्क बंद पडली, म्हणून नवी कोरी आणली आणि तळघरातले आवाज तिच्यावर परत आणायला घेतले. बाकीच्या सहा कमांडनी शिकवलं होतं तसंच त्यांनी टाइप केलं, आधी तळघराचं नाव, मग नव्या डिस्कचं. 'परत'नं ते उलटं वाचलं. रिकामी डिस्क तळघरावर ओतली, तळघर रिकामं केलं, आणि जुनी परंपरा या एकीनं अजून सोडली नव्हती, म्हणून एक शब्दही बोलली नाही. सतरांपैकी नऊ जण तोवर वारले होते.

त्या दिवशीचा फोन बाईंनी घेतला. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "माफ करा हं. माझंच चुकलं. आता वय झालं." मग म्हणाले, "ती माणसं दुसऱ्यांदा गेली, एवढंच वाटतं." बाईंनी फोन ठेवला, हात धुवायच्या बेसिनपाशी गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवला. परत आल्या तेव्हा डॉक्टरांचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी स्क्रीनच्या कडेला चिकटवला. ही कमांड सरळ झाली की हा फोन करायचा, त्याआधी नाही.

चिठ्ठी तीन वर्षं तिथे होती. बाईंनी बैठकीत विषय चारदा काढला.

"लोकांनी मदतीचं पान वाचावं," बोहुमीर म्हणायचा. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे. मी मोजून बघितलंय. सातातला एक कोपरा."

"बाई, चारशे गावांत आठवड्याला आपोआप चालणाऱ्या यादीत ही कमांड लिहिलेली आहे. उद्या क्रम फिरवला तर एका पोस्पेखांऐवजी चारशे पोस्पेख होतील. त्यांना काय सांगू?"

हे खरंच होतं, आणि म्हणूनच वाईट होतं. चारही वेळा मी बोहुमीरच्या बाजूनं हात वर केला. चौथ्यांदा बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही, पण हात मात्र वर केला तो केलाच.

मग एप्रिल आला. जूनअखेर बाई निवृत्त होणार होत्या. चिठ्ठीचा डिंक सुकला होता, तिला आता टेप लावलेली होती.

एप्रिलच्या गुरुवारी खुर्चीवर रादाना शिश्कोवा आली. शेजारच्या गावातली केशकर्तनवाली, नुकतीच बखरकार झालेली, बोलायला फटकळ. स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली आणि सपाता घालता घालताच म्हणाली, "मी पाच डबे जुने फोटो स्कॅन केलेत. ते तळघरात आहेत, आज बाहेर काढून दाखवा."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सरावाचे फोटो आहेत, ते घ्या ना."

"सरावाच्या डोक्यावर मी कधी कात्री चालवली नाही. खरं डोकं असलं की हात नीट चालतो."

ती बसली. आम्ही मागे उभे राहिलो. बोहुमीरनं गोळी तोंडात टाकली. रादानानं दोन-तीन कमांड वापरून बघितल्या, प्रत्येकीनं तिला 'झालं' म्हटलं, ती खूश झाली. "शहाणं आहे की पोर," म्हणाली. मग तिनं 'परत' लिहिलं. आधी तळघराचं नाव. मग रिकाम्या फोल्डरचं. सगळ्यांनी शिकवलं होतं, अगदी तसंच.

बोललो तर कमांड दुरुस्त करायचं माझ्यावर येणार, आणि चारदा हात वर करणारा मीच. मी बाईंकडे बघितलं. त्या रादानाच्या बोटांकडे बघत होत्या. तिची करंगळी एंटरकडे निघाली.

"थांबा," बोहुमीर म्हणाला. गोळीमुळे तो शब्द धड उमटलाही नाही. मग त्यानं गोळी हातात काढली आणि नीट म्हणाला, "थांबा हो. सगळे फोटो जातील."

रादानानं हात वर उचलला. "माफ करा," ती म्हणाली. "काय चुकलं माझं?"

तीन वर्षांपूर्वीचा फोन बोहुमीरनं ऐकला नव्हता, बाईंकडून कळलं होतं तेवढंच. माफीचा आवाज कसा असतो, ते त्यानं आज पहिल्यांदा समोरून ऐकलं असावं. "तुमचं काही चुकलं नाही," तो म्हणाला. हातातली चिकट गोळी कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं. बाईंनी बशी पुढे केली.

रादाना गेल्यावर त्यानं विचारलं, "तिच्या फोटोंची दुसरी प्रत होती?"

"होती. बसायच्या आधी ती कॉफी पीत होती, तेव्हाच मी घेतली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"डॉक्टर पोस्पेखांनाही कोणी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या आणि कॉफीचे कप विसळायला गेल्या.

नियम तो नियम. बोहुमीर सहा आठवडे त्या एका कमांडवर बसला. चारशे गावं बुडवून चालणार नव्हतं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं, पण आता तेच अडचण न राहता त्याचं काम झालं. त्यानं 'आण' नावाची नवी कमांड लिहिली, आधी कुठून, मग कुठे, इतर सहांसारखी. जुनी 'परत' जुन्या बोटांसाठी दोन वर्षं चालू राहणार होती, पण भरल्या तळघरावर रिकामं काही ओतायला सांगितलं, तर ती थांबून विचारणार होती. मला आश्चर्य याचं वाटलं, की हे तीन वर्षांपूर्वीही करता आलं असतं. आमच्यापैकी कुणी तसा विचारच केला नव्हता. आम्ही फक्त हो किंवा नाही, यावर हात वर करत होतो.

विचारणार म्हणजे काय शब्दांत, यावर खरी कुस्ती झाली. बोहुमीरनं पहिल्यांदा लिहिलं, 'अवैध क्रम.' बाईंनी कागद परत केला. "पोलिसानं लिहिलंय का हे?" दुसऱ्यांदा लिहिलं, 'लक्ष्य रिकामं नाही.' परत. "लक्ष्य म्हणजे? माणूस घाबरलेला आहे, शिकारीला नाही निघालेला." असं पाचदा झालं. सहाव्यांदा तो पूर्ण मजकूर घेऊन आला: तळघरात इतक्या फाइल आहेत, दिलेली डिस्क रिकामी आहे, बहुधा तुम्हाला उलट म्हणायचं असेल, तसं असेल तर हे लिहा. आणि शेवटी, 'काहीही पुसलेलं नाही.'

बाईंनी दोनदा वाचलं. मग पेन्सिलीनं शेवटचं वाक्य उचलून सगळ्यांच्या वर नेलं. "आधी हे. माणसाला आधी हे ऐकायचं असतं. गाडी चुकली म्हणून धापा टाकत येतो ना, त्याला आधी 'अजून एक आहे' म्हणायचं. फलाट मागाहून."

बोहुमीरनं कागद घेतला आणि वरून पुन्हा वाचला. "बाई, तुम्ही हे अकरा वर्षं सांगताय का मला?"

"नऊ. पहिली दोन वर्षं मी फोन घेत होते आणि वहीत लिहीत होते."

त्या संध्याकाळी बाईंनी खणातून आलुबुखारच्या दारूची बाटली काढली, दोन छोटे पेले भरले आणि त्याला म्हणाल्या, "मी व्लास्ता." आमच्याकडे 'तुम्ही' सोडून 'तू' म्हणायचं आमंत्रण असंच देतात, आणि ते वयानं मोठ्या माणसानं द्यायचं असतं, धाकट्यानं मागायचं नसतं. तो म्हणाला, "मी बोहुमीर," जणू आम्हाला माहीतच नव्हतं. मग तो म्हणाला, "व्लास्ता, तू फोन करणार ना आता?" बाईंनी चिठ्ठी काढली. टेपसकट निघाली.

जूनच्या गुरुवारी डॉक्टर पोस्पेख आले. उंच, वाकलेले, स्वतःच्या सपाता पिशवीत घालून आणलेल्या. पिशवीत ओलोमोउत्सचं आमचं ते वासाचं चीजही होतं. बाईंनी ते लगोलग खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवलं. डॉक्टर खुर्चीत बसले आणि खिशातून एक डिस्क काढली.

"सराव नको," ते म्हणाले. "हे खरे आहेत. सतरांपैकी आठ जण अजून आहेत, त्यांना परत बोलतं केलं. या खेपेला जास्त थापा मारतात, पण जास्त रंगवूनही सांगतात. आनेष्कामावशीचा पूर मागच्या वेळी गुडघ्यापर्यंत होता, आता कमरेपर्यंत आलाय."

"डॉक्टर, प्रत घेऊ आधी एक," बाई म्हणाल्या.

"घरी आहे. तीन आहेत. त्यासाठी नाही म्हणत मी." त्यांनी चश्मा लावला. "मला बघायचंय, माझा हात चालतो का."

आम्ही मागे उभे राहिलो. बोहुमीरच्या तोंडात गोळी नव्हती. डॉक्टरांनी आठ आवाज तळघरात ठेवले. प्रोग्रॅमनं सांगितलं, आठ ठेवले, सगळे शाबूत. मग त्यांनी रिकामं फोल्डर केलं आणि सावकाश, एका बोटानं, तीन वर्षांपूर्वीचीच ओळ टाइप केली. 'परत'. तळघराचं नाव. रिकाम्या फोल्डरचं नाव. त्यांचं बोट एंटरवर थांबलं. बाईंनी माझं मनगट धरलं. वयस्क बाईच्या हातात एवढं बळ असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी एंटर मारलं.

स्क्रीनवर सगळ्यात वरती आलं, 'काहीही पुसलेलं नाही.' डॉक्टरांनी ते वाचलं. खालचं वाचलं. मग पुन्हा वरची ओळ वाचली, ओठ हलवत. त्यानंतर खाली सुचवलेली ओळ त्यांनी जशीच्या तशी टाइप केली, आणि आठही आवाज फोल्डरमध्ये आले. त्यांनी पहिला लावला. आनेष्कामावशी खाकरली आणि कमरेएवढ्या पुरात बदकं कशी वाहत गेली ते सांगायला लागली.

डॉक्टर खुर्चीतून मागे वळले. मला वाटलं, आता हे सवयीनं माफ करा म्हणणार. पण त्यांनी नुसतं आमच्या चौघांच्या तोंडांकडे एकेक करून बघितलं. आम्ही हात खिशात घालून उभे होतो, बाईंचा एक हात सोडून. डॉक्टरांनी चश्मा लावल्यापासून आमच्यापैकी कुणीच एक शब्द बोललं नव्हतं. बोलायची वेळच आली नव्हती.